कोर्स बंद करायचा, हे नेमकं ठरवतं कोण?

२८ जानेवारी २०२५ ला कार्डिफ विद्यापीठाने एक प्रस्ताव जाहीर केला आणि अख्ख्या वेल्समध्ये गदारोळ उडाला. शिक्षकांच्या ४०० पूर्णवेळ जागा कमी करायच्या. नर्सिंग बंद करायचं. म्युझिक बंद. मॉडर्न लँग्वेजेस, प्राचीन इतिहास, धर्मशास्त्र, हेही बंद. एका राजधानीच्या शहरातलं सगळ्यात मोठं विद्यापीठ म्हणतंय की आम्हाला यापुढे परकीय भाषा शिकवायच्या नाहीत आणि नर्सेस घडवायच्या नाहीत! सरकारी आरोग्यसेवेत नर्सेसची चणचण असताना.

राग कोणावर निघाला? अर्थातच कुलगुरूंवर. वेंडी लार्नर या कार्डिफच्या पहिल्या महिला कुलगुरू, मूळच्या न्यूझीलंडच्या, २०२३ मध्ये आलेल्या. फलकांवर त्यांचं नाव, सोशल मीडियावर त्यांचा फोटो. आपल्याकडेही असंच होतं ना, कॉलेजात काहीही बिनसलं की पहिलं नाव प्राचार्यांचं.

पण कायद्याने बघाल तर हा निर्णय घेण्याचा अधिकार कुलगुरूंना एकटीला नव्हताच. त्या प्रस्ताव मांडू शकत होत्या. शिक्कामोर्तब करणार होती ती विद्यापीठाची 'कौन्सिल'. वेल्समधल्या जुन्या विद्यापीठांत नियामक मंडळाला हेच नाव आहे. कार्डिफ मेट किंवा युनिव्हर्सिटी ऑफ साऊथ वेल्ससारख्या नव्या विद्यापीठांत त्याला 'बोर्ड ऑफ गव्हर्नर्स' म्हणतात. नाव वेगळं, काम तेच: बजेट मंजूर करणं, कुलगुरू नेमणं, त्यांचा पगार ठरवणं, गरज पडली तर त्यांना घरी पाठवणं आणि विद्यापीठ बुडणार नाही हे बघणं.

या टेबलाभोवती बसणारी माणसं सहसा फलकांवर येत नाहीत. बहुतेक विद्यार्थ्यांना त्यांची नावंही माहीत नसतात. त्यांच्याबद्दल वाचायला बसले तेव्हा वाटलं होतं की फार कंटाळवाणं प्रकरण असणार. नियम, उपनियम, समित्या. तसं ते आहेही. पण चारशे लोकांच्या नोकऱ्या आणि पाच-सहा विषय ज्या टेबलावरून खाली-वर होतात, त्या टेबलाकडे कंटाळा म्हणून दुर्लक्ष करणं परवडणारं नाही.

बिनपगारी मालक

वेल्समधली विद्यापीठं ही कायद्याने धर्मादाय संस्था आहेत, म्हणजे चॅरिटी. आणि कौन्सिलवरचा प्रत्येक सदस्य त्या चॅरिटीचा विश्वस्त. आपल्याकडे ट्रस्टचे विश्वस्त असतात तसेच. तिथे अपेक्षा अशी असते की मंडळात बाहेरच्या लोकांचं बहुमत असावं. बाहेरचे म्हणजे विद्यापीठात नोकरी न करणारे आणि तिथे न शिकणारे. त्यांच्या जोडीला कुलगुरू, शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे काही प्रतिनिधी, आणि विद्यार्थी. सगळे मिळून साधारण वीसच्या आसपास.

हे बाहेरचे लोक येतात कुठून? कोणी निवृत्त सनदी अधिकारी, कोणी चार्टर्ड अकाउंटंट, कोणी वकील, कोणी बँकेत मोठ्या पदावर होतं, कोणी हॉस्पिटलचं प्रशासन पाहिलेलं. बहुतेकांना या कामाचा पगार मिळत नाही, प्रवासखर्च तेवढा मिळतो. जागा रिकामी झाली की जाहिरात येते, अर्ज मागवतात, नामनिर्देशन समिती मुलाखती घेते आणि नावं कौन्सिलकडेच मंजुरीला जातात. म्हणजे कौन्सिलच आपले पुढचे सदस्य निवडते. या गोष्टीवर जरा थांबा. मतदान नाही, प्रचार नाही, पोस्टर नाही. चांगला भाग असा की राजकीय पक्षांना इथे आपली माणसं घुसवणं अवघड जातं. वाईट भाग असा की आपल्यासारखाच विचार करणारी माणसं शोधण्याचा मोह होतो. त्यावर उतारा म्हणून ब्रिटनमधल्या विद्यापीठ अध्यक्षांच्या संघटनेची आचारसंहिता सांगते, की कोणीही साधारण नऊ वर्षांपेक्षा जास्त काळ खुर्चीत बसू नये.

एक गंमत सांगते. वेल्समधल्या तीन मोठ्या कौन्सिलांच्या अध्यक्षांची नावं बघा. कार्डिफच्या या सगळ्या गोंधळात कौन्सिलचे अध्यक्ष होते पॅट यंग, बीबीसीच्या टीव्ही निर्मितीतले माजी बडे अधिकारी. बांगोरच्या कौन्सिलचं अध्यक्षपद सांभाळलेल्या मारियन विन जोन्स याही बीबीसीतल्या. आणि अ‍ॅबरिस्टविथचं अध्यक्षपद गेलं मेरी ह्यूज यांच्याकडे, ज्या २०१२ ते २०१९ या काळात वेल्श भाषा आयुक्त होत्या. मास कॉमवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! पण यातून एक कळतं. अध्यक्ष हा बहुधा असा माणूस असतो, जो मोठ्या सार्वजनिक संस्थेत वावरलेला आहे, बैठका कशा चालतात हे ओळखून आहे आणि पत्रकारांसमोर गोंधळत नाही.

आणि हो, 'चॅन्सलर' म्हणजे कुलपती हे वेगळं प्रकरण. पदवीदान समारंभात झगा घालून पदव्या देतात ते. मान मोठा, अधिकार जवळजवळ शून्य. आपल्याकडे राज्यपाल कुलपती असतात आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं, म्हणून तिथलं नाव ऐकून आपली फसगत होते.

कामगारांच्या पैशांतून उभी राहिलेली विद्यापीठं

वेल्समध्ये हा विषय इतका हळवा का आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. अ‍ॅबरिस्टविथचं कॉलेज १८७२ मध्ये सुरू झालं, तेही समुद्रकिनाऱ्यावरच्या एका अर्धवट राहिलेल्या हॉटेलात. रेल्वेच्या जोरावर पर्यटक येतील या आशेने बांधायला घेतलेलं हॉटेल कंत्राटदाराला झेपलं नाही, ते १०,००० पौंडांना विकत घेतलं गेलं. पहिल्या वर्षी विद्यार्थी किती? २६. सरकारी मदत नव्हती. चॅपलमध्ये रविवारी वर्गणी गोळा व्हायची, लोक पेनी-पेनी टाकायचे. बांगोरचं कॉलेज १८८४ चं. तिथल्या स्लेटच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांनी आपल्या आठवड्याच्या मजुरीतून पैसे दिले.

त्यामुळे 'हे विद्यापीठ आमचं आहे' ही तिथे नुसती भाषणात म्हणायची गोष्ट नाही. पूर्वी 'कोर्ट' नावाची एक मोठी सभा असायची. तिच्यात खासदार, नगरपालिकांचे प्रतिनिधी, शाळा, चर्च, माजी विद्यार्थी, असे कितीतरी लोक असत. वर्षातून एकदा जमायचं, अहवाल ऐकायचा, प्रश्न विचारायचे. गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी ही सभा गुंडाळली गेली किंवा नावापुरती उरली. कारण दिलं गेलं की एवढ्या मोठ्या गर्दीत निर्णय होत नाहीत. खरंही आहे ते. पण खाणमजुरांच्या नातवंडांना प्रश्न विचारायची जी जागा होती ती गेली, आणि सगळा भार छोट्या, सुटसुटीत, 'व्यावसायिक' कौन्सिलवर आला.

आपल्याला हे जरा उलटं वाटेल. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांसाठी निवडणूक झाली आणि दहाच्या दहा जागा युवासेनेच्या ठाकरे गटाने जिंकल्या. बातमी राजकीय पानावर होती, शैक्षणिक पानावर नाही. आपल्याकडे निवडणूक आहे आणि तिच्याबरोबर पक्ष आहेत. वेल्समध्ये पक्ष नाहीत, आणि बाहेरच्या सदस्यांसाठी निवडणूकही नाही. यातलं कोणतं बरं, हे मला तरी एका वाक्यात सांगता येत नाही.

माहिती कोणाकडे, अधिकार कोणाकडे

आता मूळ मुद्दा. कागदावर कौन्सिल सर्वोच्च आहे. पण कौन्सिल वर्षातून मोजक्या वेळा भेटते, आणि तिच्यासमोर येणारा प्रत्येक कागद तयार करतं कुलगुरूंचं कार्यालय. आकडे तेच काढतात, पर्यायही तेच मांडतात. बाहेरून आलेल्या सदस्याला शे-दोनशे पानांचा गठ्ठा काही दिवस आधी मिळतो. तो दिवसभर आपली नोकरी करतो किंवा निवृत्त आयुष्य जगतो, आणि रात्री तो गठ्ठा वाचतो. म्हणजे अधिकार एकाकडे आणि माहिती दुसऱ्याकडे. कार्डिफची गोष्ट या फटीत वाचली पाहिजे.

तूट खोटी नव्हती. २०२३-२४ या वर्षात कार्डिफला ३ कोटी १२ लाख पौंडांची तूट आली. आपल्या पैशात साधारण साडेतीनशे कोटी रुपये. कारणं बघितली तर त्यात आपणही आहोत. वेल्समध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी कितीतरी वर्षं ९,००० पौंडांवर अडकलेली होती. ती २०२४ मध्ये ९,२५० झाली आणि २०२५ मध्ये ९,५३५. महागाई त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. मग खड्डा भरायचा कोणी? परदेशी विद्यार्थ्यांनी. त्यांची फी याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. ब्रिटनमध्ये परदेशातून येणाऱ्यांत २०२२-२३ मध्ये भारतीयांनी चिन्यांना मागे टाकलं आणि आपला पहिला नंबर लागला. पुण्या-नाशिकच्या घरांवर काढलेल्या एज्युकेशन लोनमधून तिथल्या लॅब चालत होत्या असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

जानेवारी २०२४ पासून ब्रिटिश सरकारने मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा, बायको, मुलं सोबत आणायला बंदी घातली. अर्ज घटले. त्यात एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स वाढून १५ टक्के झाला, म्हणजे प्रत्येक पगारामागे जादा खर्च. एकटं कार्डिफ नव्हतं. बांगोरने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे २०० जागा कमी कराव्या लागतील असं सांगितलं, साऊथ वेल्सने ९० चा आकडा दिला.

म्हणजे कौन्सिलवर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पैसे खरंच संपत चाललेत. तुम्ही विश्वस्त आहात. संस्था बुडाली तर ठपका तुमच्यावर. कार्डिफला तर ही भीती इतिहासानेच शिकवलीय. १९८७ मध्ये तेव्हाचं युनिव्हर्सिटी कॉलेज कार्डिफ दिवाळखोरीच्या काठावर पोचलं होतं आणि पुढच्या वर्षी त्याचं दुसऱ्या एका संस्थेत विलीनीकरण करून ते वाचवावं लागलं. खर्च करत राहायचं आणि सरकार बघून घेईल म्हणायचं, याची किंमत त्या शहराने एकदा मोजलेली आहे.

तरीही पुढे काय झालं ते बघा. ९० दिवसांची सल्लामसलत सुरू झाली. शिक्षकांची संघटना यूसीयू रस्त्यावर आली. तिचं म्हणणं होतं की विद्यापीठाकडे राखीव निधी आहे, एवढी घाई कशाला. पेपर तपासणीवर बहिष्काराची हाक दिली गेली. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, रुग्णालयं, आमदार, सगळे बोलू लागले. आणि मे महिन्यात विद्यापीठाने जाहीर केलं की नर्सिंग राहणार. म्युझिक आणि भाषा छोट्या रूपात टिकवायचं ठरलं. काही शिक्षक स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले आणि ज्या जागा अजून कमी करायच्या होत्या त्यांचा आकडा दीडशेच्या खाली आला. २०२५ मध्ये कोणालाही सक्तीने काढणार नाही असा शब्द दिल्यावर बहिष्कार मागे घेतला गेला. जूनमध्ये कौन्सिलने अंतिम आराखड्याला मंजुरी दिली. प्राचीन इतिहास आणि धर्मशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम मात्र वाचले नाहीत.

काही जण म्हणतील, बघा, व्यवस्था चालली. लोकांनी आवाज उठवला, प्रस्ताव बदलला. मला ते तितकं पटत नाही. नर्सिंग बंद करणं जर मे महिन्यात चुकीचं ठरलं, तर ते जानेवारीतही चुकीचंच होतं. आरोग्यसेवेला नर्सेस लागतात ही बातमी दरम्यानच्या चार महिन्यांत आली नव्हती. अशा वेळी कौन्सिलचं काम असतं प्रस्ताव बाहेर पडण्याआधीच विचारणं: 'याचा हॉस्पिटलवर काय परिणाम? दुसरा पर्याय काय? तो कागदावर का नाही?' हे प्रश्न बंद दाराआड विचारले असते तर शेकडो माणसांच्या डोक्यावरची चार महिन्यांची टांगती तलवार टळली असती. चांगली कौन्सिल कधी बातमीत येत नाही ती याचसाठी.

याच सगळ्या धामधुमीत आणखी एक गोष्ट चालू होती. कार्डिफने कझाकस्तानची राजधानी अस्ताना इथे शाखा उघडली, २०२५ च्या शरद ऋतूत तिथे वर्ग सुरू झाले. घरी विषय बंद आणि परदेशात नवा कॅम्पस! संघटनेने यावर झोड उठवली. विद्यापीठाचं उत्तर असं की तो खर्च नाही, उत्पन्नाचा मार्ग आहे. कोण बरोबर ते पाच वर्षांनी कळेल. पण दोन्ही फायली त्याच टेबलावरून गेल्या आहेत हे विसरू नका.

कौन्सिल झोपली तर काय होतं याचं उदाहरण बघायला वेल्सच्या बाहेर, स्कॉटलंडमध्ये जावं लागतं. डंडी विद्यापीठाची तूट साडेतीन कोटी पौंडांवर गेली. प्राचार्यांनी, म्हणजे तिथल्या कुलगुरूंनी, डिसेंबर २०२४ मध्ये पद सोडलं. मार्च २०२५ मध्ये ६३२ नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव आला. जूनमध्ये चौकशी अहवाल बाहेर पडला. त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ताशेरे ओढलेच, पण नियामक मंडळालाही सोडलं नाही. आकडे वेळेवर समोर येत नव्हते, आणि आले तेव्हा त्यांना पुरेसं आव्हान दिलं गेलं नाही. मंडळावर हुशार, अनुभवी माणसं असूनही हे झालं.

आपला माणूस, पण आपला प्रतिनिधी नाही

आता विद्यार्थ्यांच्या खुर्चीकडे येऊ. वेल्समध्ये कौन्सिलवर विद्यार्थी असतोच. बहुधा स्टुडंट्स युनियनचा अध्यक्ष, जो विद्यार्थ्यांच्या थेट मतदानातून निवडून येतो. त्या वर्षी तो शिकत नाही, पूर्णवेळ हेच काम करतो आणि त्याला युनियनकडून पगार मिळतो. १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका थांबल्या. त्या ज्यांनी फक्त आई-वडिलांच्या गप्पांत ऐकल्यात, त्यांना हे स्वप्नवत वाटेल. निवडून आलेला बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी निवृत्त बँकरच्या शेजारी बसून कुलगुरूंच्या पगारावर बोलते!

पण इथे एक मेख आहे. एकदा त्या खुर्चीत बसलं की तो विश्वस्त होतो. आचारसंहिता स्पष्ट सांगते की कोणत्याही सदस्याने आपल्याला निवडून देणाऱ्यांच्या आदेशाने मत द्यायचं नाही, संस्थेचं हित बघून द्यायचं. वर गोपनीयता. बरेच कागद बाहेर बोलता येत नाहीत. निर्णय झाला की तो सगळ्यांचा, 'माझा विरोध होता' असं गेटवर येऊन सांगायची सोय नाही. म्हणजे विचार करा, तुझे मित्र तुझ्याच कोर्ससाठी बाहेर घोषणा देतायत, तुला आत काय शिजतंय ते माहितीये, आणि तू त्यांना काहीही सांगू शकत नाहीस. आणि हे सगळं एका वर्षाच्या मुदतीत. बाकीचे सदस्य सहा-सात वर्षं बसलेले, यांना ताळेबंद वाचायला शिकेपर्यंत जून उजाडतो.

मग तो विद्यार्थी शोभेचा का? नाही. पंटाकेलिनची गोष्ट ऐका. अ‍ॅबरिस्टविथमध्ये टेकडीवर पंटाकेलिन नावाचं वसतिगृह आहे. वेल्श बोलणाऱ्या मुलामुलींचं. तिथे जेवताना, भांडताना, मॅच बघताना सगळं वेल्शमध्ये. (१९६९ मध्ये तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स वेल्श शिकायला एक सत्र अ‍ॅबरिस्टविथला आले, तेव्हा राहिले ते इथेच.) इमारत जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च मोठा, म्हणून २०१५ मध्ये ते बंद करायचं घाटत होतं. मुलांनी इमारतीत ठाण मांडलं. माजी विद्यार्थी उभे राहिले, कारण त्या भिंतींत अर्ध्या वेल्श साहित्यविश्वाचं तारुण्य गेलंय. कौन्सिलने वसतिगृह बंद केलं खरं, पण सोबत वेल्शभाषक मुलांसाठी ते पुन्हा उघडण्याची बांधिलकी लिहून दिली. २०२० मध्ये नूतनीकरण होऊन ते उघडलं.

ठरावात जाणारं ते एक वाक्य महत्त्वाचं असतं. घोषणा गेटवर दिल्या जातात, पण 'पुन्हा उघडण्यात येईल' हे इतिवृत्तात लिहिलं गेलं म्हणून पाच वर्षांनी, माणसं बदलल्यावरही, ते मागता आलं. बाहेरचा दबाव आणि आतली खुर्ची दोन्ही लागतात.

भाषेचा प्रश्न तर कौन्सिलच्या बैठकीतही असतो. अ‍ॅबरिस्टविथ, बांगोरसारख्या ठिकाणी सदस्य वेल्शमध्ये बोलू शकतो आणि इतरांच्या कानात तत्काळ भाषांतर पोचतं. इंग्रजी येत असूनही आपल्या भाषेत बोलायचा हक्क, आणि तोही बजेटच्या चर्चेत! मराठी विद्यापीठांतल्या बैठका कोणत्या भाषेत चालतात हे एकदा कोणीतरी लिहायला हवं.

सगळीकडे असं सुखान्त झालं नाही. लॅम्पिटरचं कॉलेज १८२२ मध्ये स्थापन झालेलं, वेल्समधली उच्च शिक्षणाची सगळ्यात जुनी जागा. विद्यार्थी कमी कमी होत गेले. सप्टेंबर २०२५ पासून तिथलं पदवीचं शिक्षण कारमार्थनला हलवण्यात आलं. गावकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी मोहीम चालवली, पण निर्णय फिरला नाही. २०० वर्षं जिथे कॉलेज होतं त्या छोट्या गावात आता घरमालक, खानावळवाले, पुस्तकवाले काय करणार, हा प्रश्न विश्वस्ताच्या कर्तव्याच्या व्याख्येत बसत नाही. त्याने बघायचं असतं संस्थेचं हित, गावाचं नाही. कायदा असा आहे, आणि मला तो कोरडा वाटतो.

मग यांच्यावर लक्ष कोणाचं?

थोडं आहे. ऑगस्ट २०२४ पासून वेल्समध्ये 'मेडर' नावाचा नवा आयोग काम करतो. वेल्शमध्ये या शब्दाचा अर्थ कौशल्य. निधी वाटायचा आणि विद्यापीठं नीट चालतात का ते बघायचं, हे त्याचं काम. ज्या २०२२ च्या कायद्याने तो आला, त्याच कायद्यात विद्यार्थ्यांना निर्णयप्रक्रियेत कसं सामील करून घ्यायचं याची संहिता बनवायला सांगितलंय. शिवाय माहितीचा अधिकार विद्यापीठांना लागू आहे, कौन्सिलची इतिवृत्तं वेबसाइटवर येतात (गोपनीय भाग वगळून, आणि गोपनीय भाग बराच असतो), सदस्यांना आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात. कुलगुरूंचा पगार ठरवणाऱ्या समितीत कुलगुरू स्वतः बसू शकत नाहीत. हे शेवटचं वाचून हसू आलं, पण ते नियमात लिहावं लागलं याचा अर्थ लक्षात घ्या.

हे सगळं आपल्याला दूरचं वाटत असेल तर नवी मुंबईकडे बघा. जून २०२५ मध्ये तिथल्या प्रस्तावित एज्युसिटीसाठी परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं देण्यात आली. त्यात यॉर्क आणि एबरडीन ही दोन ब्रिटिश विद्यापीठं आहेत. कॅम्पस इथला, विद्यार्थी इथले, फी रुपयांत. पण तो कॅम्पस पुढे चालवायचा, वाढवायचा की पाच वर्षांनी गुंडाळायचा, हे ठरवणारी माणसं यॉर्कमध्ये आणि एबरडीनमध्ये एका टेबलाभोवती बसलेली असतील. अस्तानातल्या मुलांचं जे, तेच इथल्यांचं.

त्यामुळे वेल्सला किंवा कुठेही मास्टर्सला अर्ज करणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक सुचवते. रँकिंग बघता, हॉस्टेलचं भाडं बघता, पार्टटाइम काम मिळेल का ते बघता. त्यासोबत विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'गव्हर्नन्स' नावाचं पान असतं, खाली अगदी तळाशी, कोणी क्लिक करत नाही असं. ते उघडा. कौन्सिलवर कोण आहे, विद्यार्थ्यांच्या किती जागा आहेत, शेवटचं इतिवृत्त कधीचं टाकलंय हे बघा. मग वार्षिक हिशेबात तूट आहे की शिल्लक, आणि उत्पन्नाचा किती हिस्सा परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून येतो ते शोधा. अर्धा तास जाईल. तुमच्या विषयाचं नाव एखाद्या ठरावात 'पुनर्रचना' या शब्दाशेजारी दिसलं, तर फी भरण्याआधी विभागाला ईमेल करून सरळ विचारा: मी शिकत असताना हा कोर्स चालू राहणार आहे का, आणि हे मला लेखी देता का?